जीपमधली पुढची जागा

जूनचा तिसरा शनिवार, पहाट. वायोमिंगमधलं, यलोस्टोनच्या वेशीवरचं एक छोटं गाव. सफारीवाल्यांच्या ऑफिससमोरचं पार्किंग.

हजर: आई, डोक्याला मफलर, मांडीवर दशम्यांचा डबा. नवरा. आमची सोळा वर्षांची मुलगी, गळ्यात कॅमेरा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचे आईवडील, मूळचे पुण्याचे. त्यांना आम्ही काका-काकू म्हणतो. आणि मी.

एकूण सहा. जीपमध्ये चालक सोडून जागा चार.

हे गणित मला त्या पहाटेच कळलं असं नाही. ते जवळपास महिनाभर माझ्या डोक्यात ठाण मांडून होतं. डेटा सेंटरमध्ये माणसांच्या शिफ्टची वेळापत्रकं लावणं हा माझा धंदा आहे. कोण आजारी, कोणाची रजा, कोणाला रात्रपाळी चालत नाही, सगळं बसवते मी. सहा माणसं चार जागांत मात्र बसली नाहीत.

जीपच का, ते आधी सांगायला हवं. माझे वडील वनखात्यात होते, पण जंगलात नव्हे, हिशेबाच्या टेबलावर. चंद्रपूर, गडचिरोली, पुन्हा चंद्रपूर अशा बदल्या झाल्या. खात्याची जीप होती, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नव्हता. नागपूरचे साहेब, साहेबांचे साडू, आमचे मामा, मामांचे मित्र. जीप पहाटे निघायची. आई त्याच्याही आधी उठून दुधात कणीक भिजवायची, दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी बांधायची, थर्मास भरायची. जीप सुरू झाली की कोणीतरी म्हणायचंच, "वहिनी, तुम्हीपण चला ना!" आणि आई म्हणायची, "तुम्ही या जाऊन. मी काय, इथंच असते."

मी लहान होते, वडिलांच्या मांडीवर मावायची. मी वाघ पाहिला आहे, अस्वलही पाहिलं आहे. जंगलाच्या काठावर इतकी वर्षं राहून आईनं यातलं काहीच पाहिलं नाही. वडील दर वेळी म्हणायचे, पुढच्या खेपेला तुला नेतो. ते निवृत्त झाले, नागपुरात घर झालं, मग ते गेले. ती खेप राहूनच गेली.

आता आईच्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे. उजव्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. डावा डोळा इंजेक्शनांवर टिकून आहे. "किती दिवस, ते मी सांगू शकत नाही," असं नागपूरचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते. "काही दाखवायचं असेल तर दाखवून घ्या." ते सहज बोलले असतील. मी ते फोनमध्ये लिहून ठेवलं.

त्यानंतर दोन इंजेक्शनांच्या मध्ये जेवढा वेळ मिळाला तेवढ्यापुरती आई आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आली. एक दिवस माझी मुलगी स्वयंपाकघरात तिला फोनवर अस्वलाचा व्हिडिओ दाखवत होती. आईनं नाक टेकेल इतका फोन जवळ घेतला, मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, "जीपमधनं हे असं समोर दिसतं का गं?"

मला उद्देशून विचारलं नव्हतं तिनं. पण मी त्याच दुपारी यादी करायला घेतली.

खरी जीप हवी, बस नको. छत उघडणारी असेल तर उत्तम. पायरी बुटकी हवी. एकाच दिवसाची सफारी, कारण दुसऱ्या दिवशी तिला झेपणार नाही. वाटेत बाथरूम कुठे कुठे आहेत. उंचीवर श्वास लागला तर काय करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालकाशेजारची जागा आईला. समोरची मोठी काच, पुढे कोणाचं डोकं नाही. जे काही रस्त्यात येईल ते तिच्या डाव्या डोळ्यापुढे यावं. मी बऱ्याच जणांना मेल लिहिले. एका लहानशा कंपनीतल्या बाईनं उत्तर पाठवलं की तीच गाइड आहे, जीपही तीच चालवते, पुढची सीट तुमच्या आईची. त्या एका शनिवारी तिची अख्खी जीप मोकळी होती. चार जागा, आम्ही चौघं. मी लगेच बुक केलं. नवरा म्हणाला, "ट्रिप आहे ही, की तुझ्या ऑफिसचं वेळापत्रक?" मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

मग आलं मराठी मंडळातलं जेवण. आपल्याकडच्या लोकांचं पॉटलक, शाळेच्या हॉलमध्ये. काका हातात प्लेट घेऊन नवऱ्याशी बोलत उभे होते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, घरात आम्ही दोघं, बाहेर पडायचं तर गाडी चालवता येत नाही. "काय करायचं सांग? समोरच्या घराचं गवत कोण कापतंय ते बघत बसायचं."

नवरा म्हणाला, "मग चला की काका आमच्याबरोबर! यलोस्टोनला चाललोय. जीप सफारी आहे."

आपल्यात असं म्हणतात. कोणीही म्हणालं असतं, मीसुद्धा. आणि त्याचं उत्तरही सगळ्यांना पाठ असतं: नको रे, तुम्ही या जाऊन, आम्हाला फोटो दाखवा. काकांनी गुलाबजाम तोंडात टाकला आणि विचारलं, "कधी निघायचं?"

आम्ही हात धुऊन येईपर्यंत त्यांच्या मुलानं फोनवर आमच्याच विमानाची दोन तिकिटं काढली होती. नवऱ्याच्या गळ्यात पडून तो म्हणाला, "यार, थँक्स. तुला माहीत नाही किती मोठं काम केलंस. आईबाबा कंटाळलेत रे."

घरी येताना गाडीत मी विचारलं, "जीपचं काय?"

"होईल गं अ‍ॅडजस्ट. दोघंही बारीकच आहेत."

"चार सीट बेल्ट आहेत. इथं मांडीवर बसवत नाहीत."

"मग अजून एक जीप घेऊ."

"आहे? तू बघितलीस?"

त्यानं आरशात बघितलं. मागच्या सीटवर आई होती. तिला ऐकू उत्तम येतं.

त्यानंतर मी जे केलं त्याला नियोजन म्हणत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन करायची. दुसरी जीप नाही. व्हॅन नाही. मोठी बस, तीही भरलेली. एकाकडे होती, पण आईचं परतीचं विमान सुटल्यानंतरच्या शनिवारी. तिकीट पुढे ढकललं तर इंजेक्शन चुकतं, आणि इंजेक्शन चुकवून अस्वल दाखवणं म्हणजे काय हे मला कळत होतं. मी सहा-सात ठिकाणी वेटिंग लिस्टवर नाव दिलं. एका कंपनीतली मुलगी माझा आवाज ओळखायला लागली. "हाय! स्टिल नो, आय अ‍ॅम सो सॉरी." ती एवढ्या गोड आवाजात सांगायची की मीच तिला धीर द्यायची. फोन ठेवला की जिन्यातच बसून राहायची. वरून कोणी उतरलं की उठून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायची.

काकांना सरळ सांगायचं, हा एक मार्ग होता. जागा चारच आहेत, काका. चार शब्द. मी ते त्यांच्या मुलाला मेसेजमध्ये लिहिले, वाचले, खोडले. नवऱ्याला म्हटलं तू सांग. त्यानं माझ्यासमोर फोन लावला, "अरे, ते सफारीचं जरा..." असं म्हणाला, पलीकडून काकूंनी नवीन स्वेटर आणल्याचं ऐकलं आणि म्हणाला, "काही नाही रे, सहज केला." मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "तू असतीस तर बोलली असतीस?" नसते बोलले.

एक दिवस आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही आले तर?"

"कुठं?"

"जीपमध्ये. मला काय दिसणार आहे गं? त्यांना निदान दिसेल तरी. मी तुमच्यासाठी दशम्या करते, तुम्ही या जाऊन."

पुढचं तिच्या तोंडून ऐकायची गरज नव्हती, ते वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. मी म्हणाले, "आई, ही जीप तुझी आहे. तू नसशील तर ती कॅन्सल होईल, मग बसू दे सगळ्यांना मोटेलमध्ये." जरा जास्तच जोरात बोलले. ती म्हणाली, "बरं बाई, येते. ओरडू नको."

मग मी कागदावर ठरवलं: नवरा बाहेर, मी बाहेर. जीपमध्ये आई, काका, काकू आणि माझी मुलगी. आईचा हात धरणारं, गाइडशी इंग्रजीत बोलणारं, 'आजी, तिकडे बघ' म्हणणारं कोणीतरी हवं होतं. मुलीला मी समोर बसवून सांगितलं, "फ्रंट सीट आजीची. कोणी काहीही म्हणालं तरी."

"ओके, मॉम."

"काहीही म्हणालं तरी."

"मॉम. यू सेड इट, लाइक, टेन टाइम्स."

त्या पहाटे गाइड बाई बाहेर आली. उंच, वाऱ्यानं रापलेली, हातात कॉफी. तिनं नियम सांगितले: बेल्ट काढायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, मागून दुसरी गाडी आणायची नाही, खाण्याचं काही गाडीत न्यायचं नाही, अस्वलांचा मुलूख आहे. आईच्या मांडीवरचा डबा माझ्याकडे आला. तिनं तो देताना झाकण दाबून बघितलं.

काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघं येतच नाही? अरे, मग आम्हाला कसं बरं वाटेल!" असं म्हणत ते मागच्या सीटवर चढले. काकू म्हणाल्या, "अहो, यांना आधी सांगायला हवं होतंत, आम्ही..." आणि त्यांच्या मागोमाग चढल्या.

मी पुढचं दार उघडलं. आईला हात देऊन चढवलं. बेल्ट मी स्वतः लावला, मफलर सारखा केला. ती समोरच्या काचेकडे बघत होती. दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या फोटोला बसल्यासारखी. म्हणाली, "केवढं मोठं दिसतं गं समोर." जीप गेली. लाल दिवे वळणापर्यंत दिसले.

फोनला रेंज नव्हती. नवरा आणि मी भाड्याच्या गाडीत बसलो. डबा उघडला, दशम्या खाल्ल्या, चटणीचा वास गाडीभर झाला. नवरा म्हणाला, "सॉरी." मी म्हटलं, "खा." मी मनातल्या मनात जीप चालवत होते. आता फाटकातून आत. आता नदीचं वळण, तिथं गवे असतात म्हणे. आता मोठं कुरण. आज काहीच दिसलं नाही तर? काहीच न दिसणारे दिवसही असतात, गाइडच्या मेलमध्ये लिहिलं होतं. धुकं आलं तर? आईला मळमळलं तर? मी उतरून पार्किंगमध्ये चकरा मारल्या. नवऱ्यानं काचेतून खुणेनं विचारलं, काय? मी मान हलवली. मला धावत त्या रस्त्यानं जावंसं वाटत होतं, आणि जाऊन तरी काय करणार होते?

दुपार व्हायच्या आत जीप परत आली. मी आधीच रस्त्याच्या कडेला उभी होते. जीप थांबली, पुढचं दार उघडलं आणि काका उतरले.

मला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. काका मात्र बोलत होते. "अहो, अस्वल! मादी, आणि मागे दोन पिल्लं! इथून त्या खांबाएवढं अंतर. आमचं ताडोबा झालं, रणथंबोर झालं, पण हे म्हणजे... मॅडमनी इंजिन बंद केलं, सगळं चिडीचूप. काय सांगू!"

मागच्या डाव्या दारातून काकू उतरल्या. "अंगावर काटा आला हो." उजव्या दारातून माझी मुलगी. मग मधून, सीटवरून घसरत घसरत, आई.

मुलीनं मला जीपच्या मागे ओढलं. तिचे डोळे भरले होते. "मॉम, आय ट्राइड. पहिल्या स्टॉपला काका म्हणाले त्यांचा गुडघा मागे फोल्ड होत नाही. नुसतं म्हणाले, ही डिडन्ट ईव्हन आस्क! पण आजीनं लगेच बेल्ट काढला. मी म्हटलं, नो, आजी, मॉम सेड. ती म्हणाली, 'बस गं, त्यांचा पाय दुखतो. मला काय, मागेही तेच.' आणि काकूंना कार सिक होतं, सो त्यांना विंडो."

"आणि तू?"

"ती मला विंडो सोडू देईना! म्हणाली तुझा कॅमेरा आहे." तिनं नाक पुसलं. "अस्वल काकूंच्या साइडला होतं. मी सांगत होते, आजी, लेफ्ट, लेफ्ट. पण काकू पुढे वाकल्या होत्या. मग ते झाडीत गेलं."

मी आईकडे गेले. ती मफलर सोडवत होती.

"काय मस्त वारं होतं गं जीपमध्ये."

"आई, अस्वल दिसलं?"

"होतं ना. सगळ्यांना दिसलं."

"तुला?"

"डबा कुठाय? तुम्ही जेवलात का?"

मी ऑफिसच्या काउंटरवर गेले. संध्याकाळची जागा? नाही. उद्या सकाळची? उद्या दुपारी आमचं विमान होतं, पण सकाळ होती हाताशी. तीही भरलेली. मी त्या माणसाला म्हणाले, एकच सीट, फक्त एक, माझ्या आईसाठी. त्यानं पुन्हा स्क्रीन बघितला, मला बरं वाटावं म्हणूनच असावं. मग त्यानं टिशूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. गाइड बाई तिथंच होती. जागा कशा बदलल्या ते तिला कळलं होतं; तिला वाटलं होतं, घरचीच माणसं आहेत, आपसात ठरवलं असेल. तिनं नकाशावर पेनानं एक गोल काढून दिला. इथं पाहिलं आम्ही, कदाचित अजून असेल.

काका-काकूंना मोटेलवर सोडलं. काका म्हणाले, "परत जायचं? आम्ही पाहिलं की! तुम्ही या जाऊन." नवऱ्यानं गाडी चालवली, आई पुढे, मी आणि मुलगी मागे. मी आईच्या सीटच्या पाठीला धरून बसले होते.

नकाशातल्या गोलाच्या अलीकडेच रस्त्याकडेला गाड्यांची रांग दिसली. माणसं खुर्च्या टाकून, तिवईवर दुर्बिणी लावून बसली होती. इथं अशी माणसं असतात, दिवसदिवस बसून राहणारी. रेंजरच्या गणवेशातला एक मुलगा लोकांना पुढे जाऊ देत नव्हता. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आईकडे बघून म्हणाला, बघायचंय? कुरणाच्या पार टोकाला, पडलेल्या झाडाच्या खाली आहे. नुसत्या डोळ्यांनी मला तिथं फक्त हिरवं दिसत होतं.

त्यानं आईच्या उंचीला तिवई खाली केली. आई वाकली. तोल जायला लागला तसा तिनं तिवईचा पाय धरला. मी तिच्या पाठीला हात लावला. तिनं डावा डोळा टेकवला. सगळे थांबले. मुलीनं माझं मनगट घट्ट पकडलं होतं.

"आजी? दिसलं?"

आईनं मान जरा वाकडी केली. मग म्हणाली, "हो. हो हो. दिसलं."

"खरं?"

"किती गोड आहे गं. खातंय काहीतरी." ती सरळ झाली, म्हाताऱ्याकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "थँक्यू. व्हेरी नाइस." म्हाताऱ्यानं टोपी काढली. खुर्चीतल्या एका बाईनं टाळ्या वाजवल्या. मुलगी आजीच्या गळ्यात पडून रडायला लागली. नवऱ्यानं तोंड फिरवलं, त्याचे खांदे खाली आले; महिनाभराचं ओझं उतरल्यासारखे.

त्या दोघांनी आईला गाडीकडे नेलं. मी वाकून दुर्बिणीत बघितलं.

गवत होतं. फिकट हिरवं, वाऱ्यानं हलणारं गवत, आणि कडेला पडलेल्या झाडाच्या खोडाचा एक तुकडा. दुसरं काहीच नाही.

मी डोळा काढला नाही. वाटलं, खाली बसलं असेल, उठेल आता. म्हातारा म्हणाला, दिसतंय ना? मी मान हलवली. तो माझ्या जागी वाकला, म्हणाला, अरेच्चा, दुर्बीणच हलली ही, आणि ती बरीच उजवीकडे फिरवली. मग मला बोलावलं. तिथं अस्वलाची पाठ होती. काळी, रुंद, चालताना कातडी हलत होती. झाडीत शिरत होतं ते. मी आईला हाक मारायला वळले तेव्हा ती पुढच्या सीटवर बसून बेल्ट लावत होती, आणि पुन्हा बघितलं तोवर पाठही दिसेनाशी झाली.

म्हणजे मी पुन्हा एकदा अस्वल पाहिलं.

गाडीत आई म्हणाली, "झालं बाई. आता तुझ्या यादीत बरोबरची खूण कर. फार जिवाला लावून घेतलंस." नवरा म्हणाला, "आई, खूश ना?" ती म्हणाली, "खूश म्हणजे काय! तुमच्यामुळं दिसलं." मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी मोटेलवर काका आणि आई अस्वलाबद्दल बोलत बसले. काकांनी एक सांगितलं की आई म्हणायची, हो, अगदी. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत राहिले.

आई ठरल्या दिवशी नागपूरला परत गेली. इंजेक्शन झालं. आता डॉक्टर म्हणतात, पहिल्यासारखा फरक पडत नाहीये. वर्तमानपत्राचा मथळा वाचायलाही तिला वेळ लागतो, हे तिनं नव्हे, शेजारच्या मावशींनी सांगितलं. त्याच मावशी म्हणाल्या, "आजकाल तुझी आई सगळ्यांना अस्वलाचं सांगते. काय वर्णन करते! कान कसे हलवत होतं, पिल्लं कशी मागं मागं." पिल्लं माझ्या मुलीच्या फोटोत आहेत. तिनं आजीला फोनवर तो फोटो शब्दांत सांगितला होता.

त्या गाइड बाईचा हंगाम पानगळीपर्यंत चालतो. मी तिला मेल लिहिला, काय झालं ते सगळं लिहिलं. तिनं सप्टेंबरमधल्या एका शनिवारची जीप माझ्यासाठी थांबवून धरली आहे. या वेळी आधी आई बसेल, बाकीचे नंतर, आणि जागा कोणी बदलणार नाही, हे मी सांगेन, असं तिनं स्वतःहून लिहिलं. दोन इंजेक्शनांच्या मध्ये बसणारी विमानं मी शोधून ठेवली आहेत. विमानतळावर व्हीलचेअर सांगायची आहे, ती शेवटच्या दिवशीही होते. रजा टाकली आहे. नवऱ्याला बजावलं आहे की सप्टेंबरपर्यंत कोणालाही कुठेही चला म्हणायचं नाही. तो हसला नाही.

आईला सांगायचं तेवढं राहिलं आहे. ये म्हटलं की ती म्हणणार, "कशाला पुन्हा? मी पाहिलंय ना." ते ती इतकं सहज म्हणेल की माझ्याकडे त्याला दुसरं उत्तर नाही. मला म्हणावं लागेल, आई, तुझ्यानंतर मी दुर्बिणीत बघितलं होतं. म्हणजे त्या म्हाताऱ्यासाठी, नातीसाठी, आमच्यासाठी ती जे बोलली ते तिच्याच हातात परत द्यायचं. आणि मी हे सांगितलं नाही, तर सप्टेंबर जाईल.

परवा रविवारी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "काही सांगायचं होतं का गं तुला?"

"नाही. जेवलीस का?"

"जेवले की."

जीप शुक्रवारपर्यंतच थांबवलेली आहे, तोवर गाइडला पक्कं कळवायचं. आज बुधवार. आईला अजून सांगितलेलं नाही.